कोणता कन्फ्यूशियस परत आला?

ऑक्टोबर 2023 मध्ये चीनच्या हुनान प्रांतातल्या सरकारी वाहिनीवर पाच भागांची एक मालिका आली. तिच्यात कार्ल मार्क्स चीनमध्ये येऊन कन्फ्यूशियसला भेटतो, दोघे गप्पा मारतात आणि दोघांचं म्हणणं मुळात जुळतंच असा निष्कर्ष निघतो. बाहेरच्या जगात या मालिकेची यथेच्छ टिंगल झाली. कल्पना मात्र जुनीच होती. ग्वो मोरुओ नावाच्या डाव्या कवीनं 1925 मध्ये अशीच एक मिस्कील गोष्ट लिहिली होती. तिच्यात मार्क्स कन्फ्यूशियसच्या मंदिरात येतो आणि बोलता बोलता चकित होऊन म्हणतो, दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या दूर पूर्वेला माझा असा एक जुना कॉम्रेड होता हे मला माहीतच नव्हतं! ग्वोची ती लेखकी लहर होती. 2023 ची मालिका ही सत्ताधारी पक्षाची अधिकृत भूमिका आहे. मधल्या काळात याच पक्षाच्या राजवटीत कन्फ्यूशियसला सरंजामशाहीचा पाठीराखा ठरवून झालं, त्याच्या वंशजांची थडगी उकरून झाली आणि शाळकरी मुलांकडून त्याच्या निषेधाचे फलक लिहून घेऊन झाले.

या सगळ्याची एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते. कम्युनिस्टांना धर्म आणि परंपरा नकोच होती, म्हणून त्यांनी कन्फ्यूशियसला झोडपलं. पुढे मार्क्सवादावरचा लोकांचा विश्वास उडाला, पोकळी भरायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यालाच परत बोलावलं. घूमजाव झालं, विषय संपला. माझ्या मते ही गोष्ट निम्मी खरी आहे आणि तिचा उरलेला अर्धा भाग दिशाभूल करणारा आहे. ‘कम्युनिस्टांचा विरोध’ या एकाच नावाखाली एकमेकांच्या उलट असलेल्या दोन गोष्टी दडल्या आहेत. 1919 च्या सुमाराचा विरोध खालून वर होता. तो मुलांचा, सुनांचा, विद्यार्थ्यांचा होता आणि त्याचा रोख सत्तेवर होता. 1974 चा विरोध वरून खाली आला. तो सिंहासनावरून निघाला होता आणि त्याचा रोख सत्तेला टोकणाऱ्यांवर होता. हा फरक लक्षात घेतला, तर आजचं कन्फ्यूशियस-प्रेम फारसं घूमजाव वाटत नाही. खरी फारकत त्याच्या कितीतरी आधी झाली होती.

सुरुवात पहिल्या विरोधापासून करू.

कन्फ्यूशियस हा माणूस म्हणून काही राजमान्य विजेता नव्हता. ख्रिस्तपूर्व 551 मध्ये आजच्या शानडोंग प्रांतात छूफूला त्याचा जन्म झाला. आपलं ऐकणारा राजा शोधत तो राज्याराज्यांतून भटकला आणि तसा राजा त्याला मिळाला नाही. राजमान्यता त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी, हान घराण्याच्या काळात आली. तेव्हापासून त्याच्या शिकवणीत तीन नाती खिळ्यांसारखी ठोकली गेली: राजा आणि प्रजा, बाप आणि मुलगा, नवरा आणि बायको. प्रत्येक जोडीत पहिल्यानं आज्ञा करायची आणि दुसऱ्यानं ती पाळायची. चौदाव्या शतकापासून सरकारी नोकरीच्या परीक्षा झू शी या पंडितानं लावलेल्या अर्थानुसार होऊ लागल्या. याच परंपरेतल्या छंग यी नावाच्या आधीच्या आचार्याला विधवेच्या पुनर्विवाहाबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्यानं उत्तर दिलं होतं की उपाशी मरणं ही छोटी गोष्ट आहे, शील जाणं ही मोठी. पतिव्रता विधवांच्या सन्मानार्थ गावोगाव दगडी कमानी उभ्या राहिल्या. म्हणजे विसाव्या शतकातल्या तरुणाच्या समोर उभा असलेला कन्फ्यूशियस हा पुस्तकातला वृद्ध गुरू नव्हताच. तो घरातला बाप होता, गावातला जमीनदार होता, परीक्षेतला परीक्षक होता आणि पेकिंगमधला बादशहा होता.

1905 मध्ये त्या परीक्षा बंद झाल्या. 1912 च्या सुरुवातीला बादशाहीही गेली. मग इतक्या हिरिरीनं मेलेल्या गोष्टीवर घाव घालायचं कारण काय? कारण ती मेली नव्हती. 1913 च्या राज्यघटनेच्या मसुद्यात राष्ट्रीय शिक्षणाचा नैतिक पाया कन्फ्यूशियसची शिकवण असेल, असं कलम घातलं गेलं. अध्यक्ष झालेले सेनानी युआन शिकाय यांनी 1914 मध्ये कन्फ्यूशियसची शासकीय पूजा पुन्हा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी स्वतः बादशहा होण्याची तयारी चालवली. पूजा आणि सिंहासन यांचं नातं यापेक्षा उघड करून दाखवणं कठीण होतं. पुढे कम्युनिस्ट पक्षाचे संस्थापक झालेले विचारवंत चेन दूश्यू यांनी सप्टेंबर 1915 मध्ये शांघायमध्ये तरुणांसाठी मासिक काढलं ते या पार्श्वभूमीवर. त्यांचा मुद्दा साधा आणि वकिली होता. प्रजासत्ताकात नागरिक समान असतात आणि या शिकवणीचा पायाच वरच्या-खालच्या नात्यांवर आहे. दोन्ही एकत्र नांदणार नाहीत, यातलं एक काहीतरी निवडा.

सिचुआनमधले वू यू त्याच्याही पुढे गेले. घरातल्या बापाशी त्यांचं हाडवैर होतं आणि त्याची सामाजिक किंमत त्यांनी मोजली होती. त्यांनी म्हटलं की कुटुंबव्यवस्था हेच हुकूमशाहीचं मूळ आहे आणि मातृपितृभक्तीच्या शिकवणीनं चीनला आज्ञाधारक प्रजा घडवणारा एक प्रचंड कारखाना बनवून टाकलं आहे. लेखक लू शुन यांच्या 1918 च्या कथेतला वेडा इतिहासाच्या पोथीची पानं चाळतो. दया आणि सदाचार या शब्दांच्या ओळींमध्ये त्याला दोनच शब्द दिसतात: माणसं खा. चिनी वाचकाला हे रूपक समजावून सांगावं लागलं नाही.

चेन यांचे सहकारी ली दाचाओ, जे पुढे पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाले, त्यांनी 1917 मध्ये या विरोधाचं सर्वांत नेमकं वर्णन केलं आहे. आपला हल्ला कन्फ्यूशियस या माणसावर नाही, युगानुयुगांच्या राजांनी त्याची जी मूर्ती घडवली त्या मूर्तीच्या अधिकारावर आहे, असं ते लिहितात. आपण कन्फ्यूशियसवर घाव घालत नसून एकाधिकारशाहीच्या आत्म्यावर घालतो आहोत. हे वाक्य मी पुढे पुन्हा वापरणार आहे, कारण गेल्या शंभर वर्षांतल्या प्रत्येक वळणाला तेच मापदंड म्हणून लावता येतं.

इथे कालक्रमाकडेही लक्ष द्यायला हवं. 1917 मध्ये चेन किंवा ली कुणीच मार्क्सवादी नव्हतं. पक्ष 1921 चा. मार्क्स त्यांच्याकडे नंतर आला आणि त्यानं आधीपासून चालू असलेल्या भांडणाला एक स्पष्टीकरण पुरवलं. 1920 मध्ये ली यांनी मांडलं की ही शिकवण दोन हजार वर्षं टिकली याचं कारण तिच्याखालची शेतीप्रधान अर्थव्यवस्था बदलली नाही, आणि ती आता बदलते आहे. थोडक्यात, ही माणसं कम्युनिस्ट होती म्हणून कन्फ्यूशियसच्या विरोधात गेली नाहीत. त्याच्या नावावर चाललेल्या कोंडीतून सुटायचा रस्ता शोधता शोधता ती कम्युनिझमपर्यंत पोहोचली.

ही कोंडी किती प्रत्यक्ष होती? 14 नोव्हेंबर 1919 ला छांगशा शहरात झाओ आडनावाच्या एका तरुणीला मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नासाठी मेण्यात बसवून सासरी नेत होते. तिनं लपवून आणलेल्या वस्तऱ्यानं मेण्यातच आपला गळा कापून घेतला. त्या शहरात राहणाऱ्या पंचवीस वर्षांच्या एका शिक्षकानं पुढच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात तिच्यावर एकामागून एक नऊ-दहा लेख लिहिले. त्याचं म्हणणं होतं की चिनी समाज, तिचं माहेर आणि तिचं सासर या तीन लोखंडी जाळ्यांत ती सापडली होती. यातली एक जाळी जरी उघडी असती तरी ती मेली नसती. त्या शिक्षकाचं नाव माओ. त्याचंही लग्न चौदाव्या वर्षी बापानं लावून दिलं होतं आणि ते त्यानं कधी मानलं नाही. एडगर स्नो या अमेरिकी पत्रकाराला त्यानं पुढे सांगितलं, की बाप त्याला आईबापांचा मान न राखणारा म्हणून झापायचा, तेव्हा हा पोरगा जुन्या ग्रंथांतलीच वचनं बापाच्या तोंडावर फेकायचा: वडिलांनी मायाळू असावं असंही तिथेच लिहिलं आहे! मला ही आठवण फार बोलकी वाटते. कन्फ्यूशियसशी भांडायचं हत्यारही कन्फ्यूशियसच्याच घरात सापडतं, हे माओला बालपणीच कळलं होतं. सत्तेवर आल्यावर हे हत्यार दुसऱ्या कुणाच्या हाती दिसू नये, याची त्यानं कसून काळजी घेतली.

1927 च्या हुनान शेतकरी चळवळीवरच्या अहवालात माओनं चिनी माणसाला जखडणारे चार दोर मोजले: राज्यसत्ता, कुळाची सत्ता, देवांची सत्ता आणि चौथा दोर, फक्त बायकांसाठी, नवऱ्याची सत्ता. पक्ष शहरातून खेड्यात गेला, तसा हा वैचारिक वाद जमिनीच्या वादात मिसळला. कुळाचं देऊळ, कुळाची सामाईक जमीन आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांचा पंचायतीतला शब्द या सगळ्यांना आधार एकाच शिकवणीचा होता. त्यात प्रतिस्पर्ध्यानंही भर घातली. राष्ट्रवादी पक्षाचे नेते च्यांग कै-शेक यांनी 1934 मध्ये नान्छांगहून नवजीवन चळवळ सुरू केली आणि जुन्या चार सद्गुणांच्या नावानं लोकांना शिस्त लावायला घेतली. शत्रूनं कन्फ्यूशियस हाती घेतला, तर तो आपला असणं शक्यच नव्हतं.

तरीही येनान या वायव्येकडच्या तळावर, गुहांत राहण्याच्या काळातला पक्ष पाहिला तर चित्र एकरंगी नाही. 1938 मध्ये माओ म्हणतो की कन्फ्यूशियसपासून प्रजासत्ताकाचे जनक सुन यत्-सेन यांच्यापर्यंतच्या वारशाचा आढावा घेऊन तो आपण स्वीकारला पाहिजे. 1939 मध्ये पक्षनेते लिऊ शाओची यांनी चांगला कम्युनिस्ट कसं व्हावं यावर व्याख्यानं दिली, त्यात आत्मशुद्धीसाठी कन्फ्यूशियस आणि त्याच्या परंपरेतला दुसरा मोठा गुरू मेन्शियस यांची वचनं खुशाल उद्धृत केली. स्वतःला रोज तपासा, एकटे असतानाही सरळ वागा. पक्षशिस्तीला हे सोयीचंच होतं. म्हणजे गरज पडेल तितका घ्यायचा आणि अडचण होईल तितका टाकायचा, हे धोरण आजचं नाही, ते गुहांत राहणाऱ्या पक्षाचंही होतं.

माझ्या दृष्टीनं पक्षाचं खरं कन्फ्यूशियस-विरोधी कृत्य कुठल्याही पुतळ्याशी किंवा पोथीशी संबंधित नाही. ते 1950 चा विवाह कायदा हे आहे. आईबापांनी लादलेली लग्नं, रखेल ठेवण्याची प्रथा, बालवयात ठरवलेली लग्नं, विधवेच्या पुनर्विवाहात आणलेले अडथळे, हे सगळं त्यानं बेकायदा ठरवलं आणि बाईला घटस्फोट मागायचा हक्क दिला. खेड्यांत त्याला प्रचंड विरोध झाला, त्यात बायकांचे जीवही गेले, आणि काही वर्षांत पक्षानंही अंमलबजावणीचा जोर ओसरू दिला. तरीही 1919 च्या मेण्यातल्या मुलीला मिळालेलं सर्वांत ठोस उत्तर तेच होतं.

यानंतर जे घडलं, ते वेगळंच प्रकरण आहे.

मे 1958 मध्ये पक्षाच्या बैठकीत माओनं छिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाचा विषय काढला. या सम्राटानं कन्फ्यूशियसपंथी पंडितांना जिवंत पुरलं आणि पुस्तकं जाळली, ही चिनी इतिहासातली जुलमाची प्रमाणभूत कथा आहे. माओ म्हणाला, त्यानं फक्त 460 पंडित पुरले, आपण 46 हजार पुरले. हे कबुलीच्या सुरात नव्हतं, बढाईच्या सुरात होतं. चेन दूश्यूंचा मुद्दा कन्फ्यूशियस राजांचा होता म्हणून टाकायचा, असा होता. इथे देशाचा प्रमुख म्हणत होता की मी तुमच्या सर्वांत क्रूर राजापेक्षाही भारी आहे. चाळीसेक वर्षांत विरोधाचं टोक पूर्ण उलटं फिरलं होतं.

त्यानंतरच्या वर्षी पेंग देह्वाय या संरक्षणमंत्र्यानं महाझेप या माओच्या झटपट औद्योगिकीकरणाच्या धोरणातल्या उपासमारीबद्दल माओला पत्र लिहिलं आणि तो पदावरून गेला. त्याच वर्षी, या प्रकरणाआधी, माओच पक्षाला सांगत होता की हाय रुईकडून शिका. हाय रुई हा मिंग काळातला अधिकारी. 1566 मध्ये त्यानं बादशहाला त्याचे दोष स्पष्ट लिहून कळवले होते. बादशहाच्या तोंडावर सत्य सांगणं हे कन्फ्यूशियसपंथी अधिकाऱ्याचं सर्वोच्च कर्तव्य मानलं जाई. राजाला फसवू नका, पण त्याला तोंडावर विरोध करा, असं कन्फ्यूशियसचं वचन आहे. वू हान या इतिहासकारानं, जो पेकिंगचा उपमहापौरही होता, हाय रुईवर नाटक लिहिलं. नोव्हेंबर 1965 मध्ये त्या नाटकावर हल्ला चढवणारा लेख आला: हाय रुईच्या आडून पेंग देह्वायची तरफदारी चालली आहे. माओनं पुढच्या वर्षी पक्षातल्या विरोधकांवर आणि जुन्या संस्कृतीवर तरुणांना सोडलं, त्या सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी ती. वू हान 1969 मध्ये तुरुंगात मेला.

हा क्रम नीट पाहिला की 1966 च्या नोव्हेंबरात छूफूत जे झालं त्याचा अर्थ बदलतो. पेकिंगच्या एका विद्यापीठातून तान हौलान या विद्यार्थी नेतीच्या पुढाकारानं रेड गार्ड्सची, म्हणजे माओनिष्ठ तरुणांची, तुकडी तिथे आली. मंदिरातल्या मूर्ती फुटल्या, शिलालेख तुटले, सहा हजारांहून अधिक पुरातन वस्तू नष्ट झाल्या किंवा त्यांची नासधूस झाली. कन्फ्यूशियसच्या वंशजांची थडगी उकरली गेली आणि मृतदेह बाहेर काढून त्यांची विटंबना झाली. वरवर पाहता हे 1919 चंच टोकाचं रूप वाटतं. पण 1919 चे तरुण स्वतःच्या बापाशी भांडत होते. हे तरुण एका नव्या बापाच्या आज्ञेवरून जुन्याची हाडं उपसत होते. वू यू यांच्या आज्ञाधारकांच्या कारखान्यातूनच हा माल बाहेर पडला होता, फक्त वरचा शिक्का बदलला होता.

1973-74 च्या मोहिमेत तर लपवाछपवीही उरली नाही. माओचा वारस म्हणून घोषित झालेला लिन बिआओ सप्टेंबर 1971 मध्ये पळून जाताना मंगोलियात विमान कोसळून मेला. त्याच्या घरात कन्फ्यूशियसचं एक वचन लिहिलेली पट्टी सापडली: स्वतःला आवरा आणि जुन्या मर्यादांकडे परत चला. एवढ्या धाग्यावर अख्ख्या देशाची मोहीम उभी राहिली. लिनवर टीका करा, कन्फ्यूशियसवर टीका करा. लिनला भांडवलशाही परत आणायची होती आणि कन्फ्यूशियसला गुलामगिरीची व्यवस्था, असा जोड लावला गेला. शेती कशी करतात असं एका शिष्यानं विचारलं, तेव्हा कन्फ्यूशियसनं त्याला पाठीमागे क्षुद्र माणूस म्हटलं होतं, तो प्रसंग कारखान्याकारखान्यांत, शेतांत वाचून दाखवला गेला. खरा नेम पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यावर होता, हे वरिष्ठ वर्तुळात सगळ्यांना कळत होतं. न्याय म्हणून हेही सांगितलं पाहिजे की या मोहिमेत बाई-पुरुष समतेची भाषाही होती आणि काही गावांत तिचा खरा उपयोग झाला. पण मोहिमेचा नायक कोण होता? छिन शी ह्वांग. कायद्याच्या नावानं केंद्रीय सत्ता बळकट करणारे आणि विरोधकांना चिरडणारे प्राचीन विचारवंत पुरोगामी ठरले, आणि राजाला नीती सांगणारे प्रतिगामी. ज्या ग्वो मोरुओनं मार्क्स-कन्फ्यूशियसची गोष्ट लिहिली होती, त्यानं 1945 च्या पुस्तकात पहिल्या सम्राटावर टीका केली होती. ऑगस्ट 1973 मध्ये माओनं त्याला उद्देशून कविताच लिहिली की पहिल्या सम्राटाला शिव्या घालणं जरा कमी करा. ऐंशीच्या घरातल्या ग्वोनं मान तुकवली.

एका माणसानं नाही तुकवली. ल्यांग शूमिंग हे तत्त्वज्ञ 1953 मध्येच, शेतकऱ्यांची अवस्था वाईट आहे असं म्हटल्याबद्दल, माओच्या तोंडून जाहीर अपमान ऐकून बसले होते. 1974 मध्ये ते म्हणाले, मी लिनवर टीका करीन, कन्फ्यूशियसवर नाही. महिनोन्महिने बैठकांत त्यांच्यावर हल्ले झाले. शेवटी या टीकेबद्दल तुमचं काय म्हणणं आहे असं विचारलं, तेव्हा त्यांनी कन्फ्यूशियसचंच वाक्य म्हटलं: तिन्ही सैन्यांचा सेनापती पळवून नेता येईल, पण साध्या माणसाचा निश्चय हिरावून घेता येणार नाही. आता ली दाचाओंची कसोटी लावा. 1974 च्या त्या सभागृहात एकाधिकारशाहीचा आत्मा कुठे होता आणि त्याच्याविरुद्ध कोण उभं होतं? कन्फ्यूशियसवर टीका करणारे सत्तेच्या बाजूला होते आणि त्याच्या नावानं नकार देणारा एक म्हातारा 1919 च्या बाजूला.

पुढचं वेगानं सांगता येतं. 1978 नंतर अभ्यासकांनी पुनर्मूल्यांकनाचे लेख लिहिले, 1984 मध्ये कन्फ्यूशियस प्रतिष्ठान निघालं. सिंगापूर, तैवान, दक्षिण कोरिया श्रीमंत झाले होते आणि त्याचं श्रेय मेहनत, शिक्षण आणि वडीलधाऱ्यांचा मान या जुन्या संस्कारांना देणारी मांडणी फॅशनमध्ये होती. सिंगापूरचे नेते ली क्वान यू तर तिचे प्रचारकच होते. जी शिकवण चीनला मागास ठेवते असं साठ वर्षं सांगितलं, तीच आता शेजाऱ्यांच्या भरभराटीचं गुपित निघाली. दोन्ही दावे तितकेच ढोबळ, पण दुसरा सरकारला परवडणारा होता.

वळण मात्र 1989 चं आहे. 22 एप्रिलला, पदावरून दूर केले गेलेले सुधारणावादी पक्षनेते हू याओबांग यांच्या अंत्यविधीच्या दिवशी, तीन विद्यार्थी तिआनमेन चौकातल्या संसदभवनाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून, मागण्यांचा कागद दोन्ही हातांनी डोक्यावर धरून बसले. कुणीही तो घ्यायला बाहेर आलं नाही. त्यांच्यातल्याच अनेकांना ते गुडघे टेकणं लाजिरवाणं वाटलं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण ती मुद्रा हाय रुईच्या घराण्यातली होती: सत्तेला मान देऊन सत्तेची चूक सांगणं. 4 जूनला सैन्याच्या गोळ्यांनी त्याचं उत्तर मिळालं. आणि ऑक्टोबरात, म्हणजे अवघ्या चार महिन्यांनी, कन्फ्यूशियसच्या 2540 व्या जयंतीचा मोठा सोहळा झाला आणि पक्षाचे नवे सरचिटणीस ज्यांग झमिन त्यासाठी आलेल्या अभ्यासकांना भेटले. कोणता कन्फ्यूशियस ठेवायचा आणि कोणता घालवायचा, याचा निर्णय त्या वर्षी झाला असं मला वाटतं.

त्यानंतर ज्यांग यांच्या जागी आलेल्या हू जिंताओंची ‘सुसंवादी समाज’ ही घोषणा आली. 2004 मध्ये सोलमध्ये पहिली कन्फ्यूशियस संस्था निघाली आणि काही वर्षांत जगभर अशा पाचशेहून अधिक संस्था झाल्या. आपल्या मुंबई विद्यापीठातही चिनी भाषा शिकवणारी एक निघाली. माओच्या नावानं अशा संस्था काढल्या असत्या तर किती विद्यापीठांनी दारं उघडली असती, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. 2008 च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात कन्फ्यूशियसचे शिष्य मैदानभर उभे राहिले, माओ कुठेच नव्हता. पक्षातल्या जुन्या मंडळींना हे सगळं पचत होतं असं नाही. जानेवारी 2011 मध्ये तिआनमेन चौकालगतच्या राष्ट्रीय संग्रहालयासमोर, माओच्या तसबिरीपासून हाकेच्या अंतरावर, कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटरचा पुतळा उभा राहिला आणि एप्रिलमध्ये एका रात्रीत तो आतल्या अंगणात हलवला गेला. कारण कुणी सांगितलं नाही. ही डळमळ शी जिनपिंग यांनी संपवली. नोव्हेंबर 2013 मध्ये ते छूफूला गेले, 2014 मध्ये जयंतीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलले, आणि चिनी कम्युनिस्ट हे परंपरेचे निष्ठावान वारसदार आहेत अशी ग्वाही दिली.

यावर एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. एखाद्या समाजानं आपल्या सर्वांत मोठ्या गुरूला शंभर वर्षांच्या अवहेलनेनंतर परत घरात घ्यावं, यात वाईट काय? पैशाच्या शर्यतीत दमलेल्या लोकांना चांगलं वागणं म्हणजे काय हे सांगणारं कुणीतरी हवं होतं, ही गरज पक्षानं तयार केलेली नाही. 2006 मध्ये यू दान या प्राध्यापिकेनं दूरचित्रवाणीवर कन्फ्यूशियसच्या वचनांवर सोपी व्याख्यानं दिली, तेव्हा पुस्तकाच्या लाखो प्रती लोकांनी आपणहून विकत घेतल्या. आईबाप मुलांना वचनं पाठ करायला पाठवतात ते सरकारच्या सांगण्यावरून नव्हे. हे मान्य. प्रश्न लोकांच्या कन्फ्यूशियसचा नाही, शासनाच्या कन्फ्यूशियसचा आहे. आणि शासनाचा कन्फ्यूशियस नेहमी कात्री लावूनच येतो. मिंग घराण्याच्या संस्थापकाला मेन्शियसची वचनं खटकली होती. दुष्ट राजाला मारणं हा राजवध नाही, एका भणंगाला मारणं आहे, असं मेन्शियस म्हणतो. 1394 मध्ये त्या बादशहानं 85 उतारे गाळलेली मेन्शियसची आवृत्ती काढायला लावली. आजच्या शासनाला पुस्तकं छाटायची गरज नाही. पुस्तकं पूर्ण छापली जातात, फक्त भाषणांत सुसंवाद, निष्ठा, कुटुंब आणि आत्मसंयम येतात, हाय रुई येत नाही. चीनबाहेर राहणाऱ्या चार चिनी विचारवंतांनी 1958 मध्येच जाहीरनामा काढून म्हटलं होतं की ही परंपरा तिच्या स्वतःच्या तर्कानं लोकशाहीकडे जायला हवी. तो वारसा छूफूच्या भाषणांत कुणी मागितला नाही.

कात्री दुसऱ्या बाजूनंही चालली आहे, आणि तिची चर्चा कमी होते. 1919 चा वारसाही छाटला गेला आहे. पक्ष दरवर्षी 4 मेची, म्हणजे 1919 च्या विद्यार्थी आंदोलनाच्या दिवसाची, आठवण काढतो, पण देशभक्ती म्हणून. घरातल्या सत्तेवरचा हल्ला त्यातून गायब आहे. मार्च 2015 मध्ये, महिला दिनाच्या तोंडावर, बस-मेट्रोतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटण्याच्या तयारीत असलेल्या पाच तरुणींना पकडून 37 दिवस कोठडीत ठेवलं गेलं. 1 जुलै 2013 पासून वृद्ध आईबापांना वारंवार भेटायला जाणं कायद्यानं बंधनकारक आहे. मुलांनी भेटावंच, पण ज्या राज्यानं एका मुलाचं धोरण लादून एका खांद्यावर चार म्हातारे टाकले, त्यानं संस्कारांचा दाखला देत हिशेब मुलाकडे पाठवावा, हे जरा जास्त झालं. 2022 मध्ये निवडलेल्या 24 जणांच्या पॉलिट ब्युरोत एकही बाई नाही. पंचवीसेक वर्षांत असं पहिल्यांदा झालं. पुढच्या वर्षी, 30 ऑक्टोबर 2023 ला, शी यांनी महिला महासंघाच्या नव्या पदाधिकाऱ्यांना सांगितलं की स्त्रियांनी पारंपरिक सद्गुण पुढे न्यावेत आणि विवाह-अपत्यजन्माची नवी संस्कृती रुजवावी. मार्क्स-कन्फ्यूशियसची मालिका त्याच महिन्यातली. ज्या प्रांतातून ती आली, त्याच प्रांतात माओनं मेण्यातल्या मुलीवर लेख लिहिले होते.

ज्यांना उद्देशून हे बोललं जातं, त्या मुलींचं उत्तर आकड्यांत येतं. 2013 मध्ये चीनमध्ये 1 कोटी 34 लाख जोडप्यांनी विवाहनोंदणी केली होती. 2024 मध्ये हा आकडा 61 लाखांवर आला. जन्म 2016 मध्ये पावणेदोन कोटींच्या वर होते, 2023 मध्ये सुमारे 90 लाख. घरांच्या किमती, कामाचे तास, एका मुलाच्या धोरणामुळे मुळातच लहान झालेली पिढी, ही कारणं आहेतच आणि ती मोठी आहेत. पण शिकलेली, कमावती शहरी बाई लग्न का टाळते असं विचारलं की उत्तरात सासर, घरकामाचा एकतर्फी भार आणि मूल झाल्यावर जाणारी नोकरी हे विषय पुन्हा पुन्हा येतात. चेन दूश्यू आणि वू यू यांनी नेमकं यावरच लिहिलं होतं. या मुली मासिक काढत नाहीत, मोर्चा काढू शकत नाहीत. नोंदणी कार्यालयात जायचं की नाही, एवढंच त्यांच्या हातात आहे आणि त्या जात नाहीत.